साहित्य महोत्सवात मुलांचे कविसंमेलन कसे घ्यावे

जळगावसारख्या शहरातील साहित्य महोत्सवात मुलांचा कार्यक्रम सकाळीच ठेवावा. खानदेशातले दुपारचे ऊन मांडवाखालीही बसू देत नाही. एका सत्रात दहा-बारापेक्षा जास्त नावे घेऊ नयेत आणि सत्कार शेवटी उरकावेत, कारण हारतुऱ्यांत अर्धा तास गेला की पुढच्या रांगेतली पोरे चुळबुळ करू लागतात. धरणगावला १८९० मध्ये जन्मलेले बालकवी आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ही आपल्याच मातीतली माणसे असल्याने सुरुवात त्यांच्या कवितांनी करावी. मात्र बहिणाबाईंची लेवा बोली प्रमाण मराठीत 'सुधारून' म्हणायला लावू नये, कारण ओवीचा ठेका तिथेच मोडतो. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला स्वतःची कविताही अहिराणीतच वाचू द्यावी. माइकचा स्टँड आधीच मुलाच्या हनुवटीपर्यंत खाली आणावा आणि हातातला कागद थरथरू नये म्हणून तो जाड पुठ्ठ्याला चिमट्याने लावून द्यावा. मध्येच कुणी अडखळले, तर सूत्रसंचालकाने पुढची ओळ हळूच सुचवावी. टाळ्या वाजवून त्याला खाली बसवण्याची घाई, जी मोठ्यांनाच फार असते, करू नये. परीक्षक आणि क्रमांक तर नकोतच. प्रत्येकाला एकेक पुस्तक द्यावे.