हृदयाचा दोष असलेल्या बाळाला अंगावर पाजताना या चुका टाळा

साताऱ्यात नवजात बाळांच्या वॉर्डात मी बरीच वर्षं काढली. आता निवृत्त आहे, तरी ओळखीतल्या बायका बाळ घेऊन दारात येतात. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालेला असतो, त्यातलं "छिद्र आहे" एवढंच लक्षात राहिलेलं असतं, आणि चुका त्याच त्या.

तासभर पाजत बसणं

"सिस्टर, सोडतच नाही, पोट भरत नसेल." अगं, ते पीत नाहीये, दमून तोंडात धरून पडलंय. इतर बाळांचं पिणं म्हणजे जेवण; याचं म्हणजे अजिंक्यतारा चढणं. फार वेळ ओढत बसलं की पोटात जातं त्याहून जास्त दमण्यातच खर्ची पडतं. अर्ध्या तासाने थांबायचं. उरलेलं दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्यायचं, घाई न करता, आणि दोन-अडीच तासांनी पुन्हा. मी तर आईला भिंतीवरच्या घड्याळासमोरच बसवते.

मेढ्याच्या एक आजी ऐन डिसेंबरात म्हणाल्या, "कुंची घट्ट झाली असेल, म्हणून घाम." कुंची काढली, घाम तसाच. पिताना कपाळावर घाम, शांत असतानाही मिनिटाला 60 च्या वर श्वास, असं दिसलं की कुंचीला दोष देऊ नका, डॉक्टर गाठा.

वजन वाढलं म्हणून खूश होणं

कोरेगावकडचं पाच आठवड्यांचं बाळ. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र. अशी बाळं सुरुवातीला छान पितात. पुढे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब उतरतो, तिकडे रक्त जास्त धावतं आणि चौथ्या ते सहाव्या आठवड्यात धाप लागते. याचं वजन हलतच नव्हतं. एक दिवस वडील कंदी पेढ्यांचा पुडा घेऊनच आले: दोन दिवसांत 260 ग्रॅम! निरोगी तान्हं दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढतं. आमच्या काट्यावर घातलं, आकडा खरा. मग पापण्या बघितल्या. सुजलेल्या. अंगात पाणी साठलं होतं. पेढा तसाच टेबलावर ठेवून डॉक्टरांना हाक मारली. बाळ वाचलं, पुढे ऑपरेशनही झालं.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: एकच काटा, एकच वेळ, बाळ उघडं, पाजण्याआधी, आणि आकडा वहीत. किराणा दुकानात दुपट्यासकट केलेलं वजन मला सांगूही नये. लघवीचं औषध चालू असेल तर ओले लंगोट मोजूनही समाधान मानू नका. दूध कमी पडलं तरी ते ओले होतात.

"दमतंय ना, मग बाटली द्या"

हा सल्ला शेजारीण देते आणि लगेच पटतो. बाटलीतलं दूध आपोआप येतं, बाळाला श्वास रोखून गिळत बसावं लागतं. अंगावर ते आपल्या चालीने पितं, ऑक्सिजनही सहसा जास्त स्थिर राहतो. तेही जमत नसेल तर डॉक्टर दुधासाठी नाकातून पोटात नळी घालतात, त्यात हार कसली? चूक पुढेच होते. बाळ पुण्या-मुंबईच्या आयसीयूत असतं, आई चिंतेत दूध काढायचंच विसरते. नळी निघेपर्यंत दूध आटलेलं. दिवसातून आठ वेळा काढा, रात्रीचंसुद्धा.

बाकीचं थोडक्यात. औषध वाटीभर दुधात कालवू नका. बाळ अर्धंच प्यायलं तर औषधही अर्धंच गेलं. बाळगुटी, मध, वरचं पाणी नको. सहा तास झोपलेलं बाळ "शहाणं" नसतं, उठवून पाजा. ओठ निळे पडले तर पाजणं सोडून दवाखाना. पैशांपायी थांबू नका, मुलांच्या मोफत तपासणी-उपचारांचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे आणि जन्मजात हृदयदोष त्यात धरलेले आहेत. आशाताई 28व्या आणि 42व्या दिवशी घरी येते, नेमकी धापेचीच ती वेळ. तिला "सगळं बरं आहे" म्हणून उंबऱ्यावरून परत धाडू नका.

आणि ऑपरेशनच्या दिवशी भूलतज्ज्ञ सांगतील ती वेळ पाळा. अंगावरच्या दुधासाठी ती साधारण 4 तास आधीची असते. रडतंय म्हणून पदराआड घेतलेल्या दोन घोटांपायी ऑपरेशन पुढे गेलेलं मी पाहिलंय, आणि ते बाळ दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहिलं.