‘मुद्दाम करते ते’ म्हणण्याआधी: कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत या चुका टाळा

मे महिना, दुपारचे दोन. शेजारच्या काकूंनी दारातूनच हाक मारली, "अवं, टायगरले पाहा न जरा, कसा करून राहिला तो!" टायगर म्हणजे त्यांचा सात वर्षांचा लॅब्राडोर. हॉलमध्ये पाय पसरून पडलेला, जीभ लोंबलेली आणि गडद लाल, लाळ चिकट दोरीसारखी. लाईट जाऊन तास झाला होता. खिडक्या घट्ट लावलेल्या, कारण लू आत येते. आणि अंगावर, काकूंनी मायेनं पांघरलेला ओला टॉवेल. मी तो उचलला, तर खालून गरम वाफ हाताला लागली.

काकूंचं चुकलं कुठे? दुपट्टा ओला करून डोक्याला गुंडाळला की आपल्याला बरं वाटतं, म्हणून त्यालाही वाटेल असं त्यांनी धरलं. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. आपण आपल्या अंगावरून त्यांचं ठरवतो.

उन्हाळा आणि कूलर

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी सगळं काम जिभेवर. धापा टाकताना तोंडातला ओलावा उडतो आणि अंग थंड होतं. टॉवेल पांघरून ठेवला की तो थोड्याच वेळात अंगाइतका गरम होतो आणि उष्णता आतच कोंडते. टॉवेल अंगावरून फिरवा, पांघरू नका.

नागपुरात यात कूलरची भर पडते. खिडकी उघडी ठेवून कूलर चालवला तर मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम. सगळं बंद करून चालवला की खोली दमट होते आणि दमट हवेत जिभेवरचा ओलावा उडतच नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर तर नुसती चिपचिप. आपण म्हणतो ‘आता गारवा आला’, आणि चपट्या नाकाचा पग किंवा शिट्झू नेमका तेव्हा घरघरायला लागतो.

टायगरला आम्ही अंगणात सावलीत ओढलं. काकू नळाखाली बादली लावायला धावल्या, पण गच्चीवरच्या टाकीचं पाणी मेच्या दुपारी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. माठातलं आणि बोअरचं पाणी पोटावर, जांघांत, पंजांवर ओतलं आणि जुन्या वर्तमानपत्रानं जोरजोरात वारा घातला. कुत्र्याचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 104 च्या वर गेलं की धोका. ते 103 च्या आसपास उतरलं की पाणी ओतणं थांबवायचं आणि कुत्रं सावरल्यासारखं दिसलं तरी डॉक्टरकडे न्यायचंच, कारण मूत्रपिंडाला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू शकते. तोंडात बळजबरीनं पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

हस्की किंवा जर्मन शेफर्ड असेल तर उन्हाळ्यात चकोट करून आणू नका. दुहेरी केसांचा तो थर ऊनही अडवतो. विंचरून सुटलेले केस काढा, बस. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर फिरायला न्यायची ती वेळ नव्हे. (हस्की नागपुरात आणावाच का, हा वेगळा वाद आहे. माझं मत तुम्ही ओळखलंच असेल.)

घरातलं औषधाचं कपाट

मांजराला ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी. ही चूक जीव घेते. ती गोळी पचवून बाहेर टाकायला जे एन्झाइम लागतं ते मांजराच्या यकृतात फारच थोडं असतं. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. कुत्र्याला आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी दिली तर पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं बसतात. ‘लहान मुलाचा डोस दिला’ हे स्पष्टीकरण इथे चालत नाही.

लू लागू नये म्हणून आपण कांदा खातो, खिशातही ठेवतो. तेच बघून कुणी कुत्र्याच्या ताक-भातात कांदा कालवतं. कांदा-लसणानं कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, कच्चा असो की शिजलेला. म्हणजे रविवारी उरलेला सावजी रस्सा आणि त्यातली हाडं वाटीत ओतणं हा लाड नाही. शिजलेलं हाड टोकदार तुटतं, ते वेगळंच. मनुके-द्राक्षं आणि चॉकलेटसुद्धा नको.

गोचिडांवर घासलेट, फिनाइल, शेतावरून आणलेलं फवारणीचं औषध. खरजेवर गॅरेजमधलं जळालेलं ऑइल. यातलं काहीही लावू नका. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे ते सगळं पोटात जातं. शिवाय अंगावरची गोचीड म्हणजे घरातल्या गोचिडांपैकी थोडीच. बाकी भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाखाली अंडी घालून बसलेली. म्हणून ‘औषध लावलं तरी जात नाही’ ही तक्रार. औषध दर महिन्याला आणि फटींची सफाई, दोन्ही एकदम चाललं पाहिजे. कुत्रं खाणं सोडून बसलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर गोचीडताप समजून त्याच दिवशी रक्त तपासा.

आणि कुत्र्याच्या मानेवर टाकायचे गोचिडांच्या औषधाचे थेंब उरले म्हणून मांजरावर कधीही टाकू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात.

माझी चूक

माझा बोका गुंड्या एका सकाळी ट्रेमध्ये चार-पाचदा जाऊन बसला. कुंथला, म्याव केलं, बाहेर आला, खालून चाटत बसला. मी ठरवलं, बद्धकोष्ठ. आपल्याला होतं तेव्हा काय घेतो? दुधात इसबगोल. त्यानं तोंडही लावलं नाही. दुपारी गादीवर एक थेंब सोडला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलेसुद्धा. रात्री उलटी झाली तेव्हा डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं आणि माझी बोटं तिथे ठेवली. आत संत्र्याएवढा टणक गोळा. लघवी अडून फुगलेलं मूत्राशय होतं ते. नळी घालून मोकळं केलं, तीन दिवस सलाईन. आणखी उशीर झाला असता तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदय थांबलं असतं.

बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय आणि ट्रे कोरडा आहे, तर सकाळची वाट पाहू नका. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. फक्त कोरडं खाणं, कमी पाणी, वाढलेलं वजन आणि घरातला ताण, यानं तो अडतो. आता मी खाण्यात पाणी कालवते आणि तीन खोल्यांत तीन वाट्या ठेवते. दूध बंद, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

‘सूड उगवतो तो’

मांजर सोफ्यावर मुतलं की घरातले म्हणतात, काल रागावलो म्हणून करतंय. सूड नाही. आधी दुखणं तपासा. मग ट्रे: मांजरं जितकी त्याहून एक जास्त, रोज साफ, वॉशिंग मशीनच्या खडखडाटापासून लांब. उभ्या भिंतीवर फवारा मारणाऱ्या बोक्याची नसबंदी करा. डाग एन्झाइमवाल्या क्लीनरनं पुसा. पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं फिनाइल मांजराच्या घरात नकोच, ते पंजाला लागून पोटात जातं.

कुत्र्यानं चप्पल फाडली, तुम्ही तासाभरानं आलात, तो कान पाडून कोपऱ्यात. ‘बघा, त्याला कळतं!’ कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हे तपासून दाखवलं होतं: तो अपराधी चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे येतो, गुन्हा केला असो वा नसो. घरात मुतला म्हणून त्याचं नाक मुतात घासलं तर तो एवढंच शिकतो की मालकासमोर मुतू नये. पुढच्या वेळी पलंगामागे. त्याऐवजी झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर बाहेर न्या आणि तिथे केलं की लगेच खाऊ द्या.

गुरगुरण्यावरही मारू नका. गुरगुर ही सूचना आहे. ती बंद पाडली की कुत्रं पुढच्या वेळी सूचना न देता चावतं. चावलंच, तर मिरची, हळद, चुना काही नको. पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, मग थेट दवाखाना आणि लस. आपल्या कुत्र्याला रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर द्यायची आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना.

‘एकदा पिल्लं होऊ द्या, मग ऑपरेशन’ हे नागपुरात अजून महालापासून मनीषनगरपर्यंत ऐकू येतं. याला कसलाही आधार नाही. ऑपरेशन न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, खालून घाण जाऊ लागली, तर गर्भाशयात पू झालाय असं समजा आणि त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरकडे निघताना शेवटची लघवी कधी झाली ते आठवून ठेवा, विचित्र वागण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. कारण टेबलावर चढवलं की जनावर शहाण्यासारखं बसतं आणि आपण खोटे पडतो. काही खाल्लं असेल तर त्याचं पाकीट सोबत न्या. फेकलं असेल तर कचऱ्याच्या डब्यातून काढा.