मोजायला सुरुवात कुठून केली? गर्भधारणा आणि आनुवंशिकतेतल्या या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या क्लासमध्ये ‘मानवी प्रजनन’ हा धडा आला की मागच्या बाकावर खोकल्याची साथ येते. मुली वहीत डोकं खुपसतात. धडा कसाबसा संपतो, पेपर होतात आणि दरवर्षी त्याच चुका माझ्यासमोर येतात. त्याच चुका संध्याकाळी गल्लीतही भेटतात. पेपरात गुण जातात, गल्लीत वर्षं जातात. बहुतेकांना माहिती असते, पण मोजायला सुरुवात कुठून करायची तिथं गाडी घसरते.

चौदावा दिवस

“अंडोत्सर्ग, म्हणजे बीजांडकोशातून अंडं बाहेर पडणं, कधी होतो?” सगळा वर्ग एका सुरात: “चौदाव्या दिवशी.” पुस्तकातलं पाळीचं चक्र २८ दिवसांचं असतं म्हणून ते जुळतं. खरं तर चक्राचा पहिला भाग लांबतो-आखडतो. अंडं बाहेर पडल्यानंतरचा भाग मात्र साधारण १४ दिवसांचा राहतो. म्हणून मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागं. ३५ दिवसांचं चक्र असेल तर अंडोत्सर्ग एकविसाव्या दिवसाच्या आसपास, २४ दिवसांचं असेल तर दहाव्याच्या.

शेजारच्या एका वहिनींच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीपासून बाराव्या ते सोळाव्या दिवसापर्यंत बॉलपेननं बारीक फुल्या. पाळी मात्र दर ३५ दिवसांनी. मी पान उलटलं, पुढच्या पाळीच्या तारखेवर बोट ठेवलं आणि मागं मोजत आले. अंडं १२ ते २४ तास टिकतं, शुक्रपेशी आत ५ दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणजे त्यांचे दिवस सोळा ते एकवीस. वहिनी जरा वेळ फुल्यांकडं बघत राहिल्या. “म्हंजे आम्ही रंकाळा स्टँडवर उभं राहून सीबीएस स्टँडवरनं सुटणारी गाडी शोधत होतो की!”

पाळी अनियमित असेल तर हा हिशेब चालत नाही आणि मूल नको असेल तेव्हा त्याच्यावर विसंबून तर मुळीच राहू नये. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडं जावं. बाईचं वय पस्तिशीच्या पुढं असेल तर सहाच महिन्यांत. तपासणी मात्र दोघांची. वीर्याची तपासणी सोपी आणि स्वस्त आहे, तरी आपल्याकडं आधी बाईच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या, उपासतापास होतात आणि नवऱ्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. मला याचा राग येतो.

गरोदरपणाच्या घरच्या टेस्टचंही असंच. ती शोधते ते एचसीजी हे संप्रेरक गर्भ रुजल्यावरच तयार होतं आणि रुजायला फलनानंतर साधारण आठवडा लागतो. ३५ दिवसांच्या चक्रात तिसाव्या दिवशी टेस्ट करून “नाहीये” म्हणायचं, त्याला अर्थ नाही. पाळी चुकू द्या, सकाळची पहिली लघवी घ्या आणि तरीही पाळी आली नाही तर आठवड्यानं पुन्हा बघा.

लग्नाला पाच आठवडे, रिपोर्टात सात

या एका आकड्यावरून घरं ढवळून निघालेली मी पाहिली आहेत. नवी सून, दिवस राहिले, सोनोग्राफी झाली, कागदावर सात आठवडे. सासूबाई बोटं मोजतात, लग्न तर पाच आठवड्यांपूर्वीचं. मग स्वयंपाकघरात कुजबुज सुरू.

यात काहीही गडबड नसते. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण फलनाचा दिवस सहसा कुणालाच नेमका ठाऊक नसतो. पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नसतोच, पण ते हिशेबात धरले जातात. सात आठवड्यांचं गरोदरपण म्हणजे साधारण पाच आठवड्यांचा गर्भ. म्हणून पूर्ण काळ ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस. गर्भाचं स्वतःचं वय ३८ आठवडे.

प्रसूतीची तारीख काढायला त्याच पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. १० जूनला पाळी आली असेल तर १७ मार्च. आपल्या आज्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणायच्या. दोनच दिवसांचा फरक, तोही कॅलेंडर न उघडता! मात्र हे गणितही २८ दिवसांच्या चक्राचं आहे. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीत तारीख थोडी हलते म्हणून घाबरू नका. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी वयाच्या बाबतीत सगळ्यात भरवशाची. नंतरच्या सोनोग्राफीत बाळाच्या आकारावरून अंदाज बांधतात आणि आकार प्रत्येकाचा वेगळा. डॉक्टरांनी सुरुवातीला पक्की केलेली तारीखच धरून चाला.

पिशवी, नळ्या आणि एक गोंधळ

आकृतीत पोरं फलन गर्भाशयात दाखवतात. ते अंडवाहिनीत होतं, गर्भाशयात नंतर गर्भ फक्त रुजतो. घरी आपण सगळ्यालाच ‘पिशवी’ म्हणतो, त्यामुळं “पिशवी काढली” म्हणणाऱ्या बाईला बीजांडकोश ठेवले की काढले हे ठाऊक नसतं. ऑपरेशनचा कागद जपून ठेवा, पुढं कामाला येतो. पुरुष नसबंदीनंतर वीर्य येतच राहतं, कारण त्यात शुक्रपेशींचा वाटा अगदी थोडा असतो. आधीच्या शुक्रपेशी निघून जायला साधारण तीन महिने लागतात. तोवर दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासणी करून खात्री करायची. ही पायरी गाळल्यावर “ऑपरेशन फसलं” अशी बोंब होते.

मुली कुणी दिल्या?

आईकडं एक्स आणि एक्स ही गुणसूत्रं, बापाकडं एक्स आणि वाय. वाय आला तर मुलगा आणि तो बापाकडूनच येतो. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी सून माहेरी पाठवली जाते. लिंग फलनाच्या क्षणी ठरतं. त्यामुळं दुसऱ्या महिन्यात घ्यायच्या ‘मुलगा होण्याच्या’ औषधाला करायला काही उरलेलंच नसतं. उलट त्यातून पोटात काय जातंय ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. गर्भलिंग तपासणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. पंचगंगेच्या सुपीक काठावरचे हे आकडे आहेत.

“तीन मुली झाल्या, आता मुलगाच” हाही मोजणीचाच घोटाळा. मागचं नाणं पुढच्या नाण्याला काही सांगत नाही. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हीच चूक फार महाग पडते. आईबाप दोघंही वाहक, म्हणजे दोष अंगात दडलेले, असतील तर मूल आजारी असण्याची शक्यता एक चतुर्थांश. लोक याचा अर्थ लावतात: एक आजारी झालं, पुढची तीन सुटली. तसं नाही. दर गरोदरपणात पुन्हा नव्यानं चारात एक. वाहकाला स्वतःला काही होत नाही, फार तर हिमोग्लोबिन जरा कमी, आणि लोहाच्या गोळ्यांनी ते वाढत नाही म्हणून सगळे हैराण. अशा वेळी हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी विचारा, शक्यतो लग्नाआधी.

नवराबायकोचा रक्तगट एकच असला तर अडचण येते, असं अजून स्थळं बघताना ऐकू येतं. काहीही अडचण येत नाही. बघायचं ते आई आरएच निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह आहे का. तसं असेल तर आईच्या रक्तानं बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनवू नयेत म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांत.

देवक वेगळं, म्हणजे रक्त वेगळं?

आपल्या भागात मामाच्या मुलीवर आत्तीच्या पोराचा हक्क धरतात. कुणी शंका काढली की उत्तर तयार: “देवक वेगळं आहे की!” देवक, म्हणजे कुळाची खूण, बापाकडून चालत येतं, तसं चालणारं गुणसूत्र एकच, वाय. बाकीच्या २२ जोड्यांना तुमचं देवक कळत नाही. आई आणि मामा एकाच आजी-आजोबांची लेकरं, त्यामुळं आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी. मामा-भाचीच्या लग्नात तर एक चतुर्थांश. प्रत्येकाच्या अंगात काही दोष दडून असतात. तोच दोष दोन्हीकडून भेटला की मुलात उघडा पडतो. जन्मजात दोषाची शक्यता सगळ्यांतच शेकडा दोन-तीन असते, सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुलं धडधाकट निघतात, आणि “आमच्यात तर काही झालं नाही” हे वाक्य तिथूनच येतं. घराण्यात बहिरेपण, मतिमंदत्व किंवा लहानपणीच गेलेली मुलं असतील तर जनुकीय सल्ला घेतल्याशिवाय सुपारी फोडू नका.

गेल्या वर्षी वंशावळीची आकृती काढायला दिली होती. एक मुलगी कागद घेऊन टेबलापाशी आली. “मॅडम, मी दोनदा खोडलो. पप्पांची आई आणि मम्मीची आजी एकच येतीया. दोन गोल काढू?”

“एकच काढ. दोन्हीकडून रेघा तिच्यापाशी आण आणि मम्मी-पप्पांच्या मधली रेघ दुहेरी कर, नात्यातलं लग्न तसंच दाखवतात.”

तिनं पट्टी लावून दुसरी रेघ ओढली. मग जरा थांबून आजी-आजोबांच्या मधली रेघही दुहेरी करायची का, असं तिनं विचारलं.