सोयाबीन बाजारात नेण्याआधी बाहेरचा भाव कसा वाचायचा

औसा तालुक्यात आमची सहा एकर जमीन आहे, त्यात साडेचार एकर सोयाबीन. पेरणी, फवारणी हे बघतात. माल कधी विकायचा ते मी ठरवते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरला भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला, तेव्हा अख्खं गाव त्या भावावर हिशेब मांडून बसलं. आमची रास (मळणी) झाली ऑक्टोबरात, तोवर तो पाच हजारांच्या आसपास उतरला होता. बियाण्या-खताची उधारी अंगावर, म्हणून ३४ क्विंटल एकाच दिवशी घातलं. मार्चमध्ये भाव सात हजारांवर गेला. म्हणून पुढच्या वर्षी सगळा माल घरात ठेवला, तर जूनपर्यंत भाव उतरतच गेला.

आडत्याला, म्हणजे बाजारात माल विकून देणाऱ्या दलालाला, विचारलं तर म्हणाला, "वहिनी, भाव इथं ठरत नाही, वरून येतो." वरून म्हणजे कुठून, ते कळायला मला दोन हंगाम लागले. जे कळलं ते इथं लिहिते.

आधी वहीत एक गणित मांडा. कारखाना सोयाबीन दाण्यासाठी घेत नाही, तेलासाठी आणि पेंडीसाठी घेतो. एका क्विंटलमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. समजा तेल १२० रुपये किलो आणि पेंड ३२ रुपये किलो आहे. मग तेलाचे २,१६० आणि पेंडीचे २,५६० मिळून ४,७२० झाले. यातून कारखान्याचा खर्च, गाडीभाडं, नफा वजा करा. उरेल तो तुमच्या मालाला परवडणारा भाव. तेल कारखान्यांचे प्लांट दर, म्हणजे कारखाना ज्या भावाने सोयाबीन घेतो ते, रोज व्हॉट्सअॅपवर फिरतात, ते या आकड्याशी ताडून बघा. फरक फार दिसला तर दुसऱ्या आडतीवर विचारा.

यात पेंडीचा वाटा तेलापेक्षा मोठा आहे आणि आपण नेमकं तिकडेच बघत नाही. पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुक बदललेल्या बियाण्याची) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नव्या मालाची आवकही होतीच, पण आमच्या भावाला लागलेली घसरण त्या महिन्यापासूनची आहे. आता मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढताना उरणारा डीडीजीएस हा चोथाही स्वस्तात मिळतो आणि पेंडीची जागा खातो.

आता तेल. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून. त्यामुळे दिल्लीचं आयात शुल्क म्हणजे आपल्या शेताचा बांध समजा. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं. ३० मे २०२५ ला ते १६.५ वर आणलं, म्हणजे ११ टक्के कमी. बंदरावर तेल १०० रुपये किलोने उतरत असेल तर किलोमागे ११ रुपये गेले. १८ किलोला १९८. एका कागदाने क्विंटलमागे जवळपास दोनशे रुपये! आणि तो निघाला कधी, तर पेरणीच्या तोंडावर. शहरातल्या बाईला तेल स्वस्त मिळावं हे मलाही पटतं, पण त्याची किंमत दरवेळी आम्हीच का मोजायची? शुल्काची बातमी आली की हे गणित त्याच दिवशी करा. बाजार दुसऱ्या दिवशीच हलतो.

दिल्लीसारखेच बाहेरच्या देशांचे निर्णयही भाव हलवतात. इंडोनेशियाने घरचं तेल महागलं म्हणून २८ एप्रिल २०२२ पासून पामतेलाची निर्यात थांबवली आणि २३ मेला पुन्हा सुरू केली. २०२५ पासून तिथे डिझेलमध्ये ४० टक्के पामतेलाचं जैवइंधन मिसळायचं ठरलंय; जेवढं गाडीत जळेल तेवढं बाजारात कमी येईल. अर्जेंटिनाची गोष्ट मला जास्त लागली. त्या देशाला डॉलरची फार टंचाई. म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी सोयाबीन, तेल, पेंडीवरचा निर्यातकर शून्य केला, ७ अब्ज डॉलरची विक्री होईपर्यंत. तो कोटा तीन दिवसांत संपला. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनीही त्यात सोयातेल घेऊन ठेवलं, नेमकं आपली रास तोंडावर असताना. तिथला शेतकरीही कर्जात आणि करात अडकलेलाच असणार, त्याच्यावर माझा राग नाही. पण अशी बातमी दिसली की वहीत तारीख घाला. ते तेल महिना-दीड महिन्यात आपल्या बंदरावर येतं.

शिकागोचा सोयाबीन वायदा आणि मलेशियाचा पामतेल वायदा (पुढच्या तारखेच्या मालाचा आज ठरणारा भाव) आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी लिहा. रोज बघितलं तर जीव घाबरा होतो. शेजारी डॉलरचा भाव लिहा. रुपया पडला की बाहेरचं तेल महाग पडतं, म्हणजे आपल्या मालाला थोडा आधार.

एवढं लिहून झालं की विकायचं कसं? मी मालाचे तीन भाग करते. पहिला भाग रास झाल्याबरोबर विकते, उधारी फिटते. दुसरा गोदामात तारण ठेवते. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. तुमची बाजार समिती ती राबवते का ते आधी विचारा. तिसरा भाग हमीभाव केंद्रासाठी. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये होता, पण नोंदणी वेळेत केली तरच तो मिळतो. शिवाय ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. गेल्या वेळी यंत्रावर १४ दिसला म्हणून आमचे कट्टे परत आले, गाडीभाडं दोनदा पडलं. आता ताडपत्रीवर दोन उन्हं जास्त देते, आणि मूठभर दाणे दाताखाली फोडून बघते. कट्‌कन तुटला तर भरायचं, दबला तर अजून एक ऊन.