घरी हेडबोर्ड बनवताय? कापड घेण्याआधी या चुका टाळा

घरी बनवलेला हेडबोर्ड, म्हणजे पलंगाच्या उशाकडची उभी पाठ, बिघडतो तो बहुतेक वेळा मागच्या बाजूने. कापडाचा रंग, बटणांची नक्षी, कडेची सोनेरी पट्टी यांवर आठवडाभर खल होतो आणि फळी किती जाडीची हवी, भिंत ओली तर नाही ना, एवढं वजन भिंतीवर कशाच्या जोरावर टिकणार, हे सगळं कापड ताणून झाल्यावर आठवतं. हेडबोर्ड नुसता बघायचा नसतो. त्याला रोज कोणीतरी पाठ टेकतं, डोकं घासतं, वाचताना कोपर रुतवतं. त्यामुळे हात आखडायचाच असेल तर तो कापडात आखडा. फळी, फोम आणि स्क्रूमध्ये नको. कापड दोन वर्षांनी बदलता येतं. आतली फळी बदलायची म्हणजे सगळं उसवून पहिल्यापासून सुरुवात.

गादी बाजूला ठेवून घेतलेलं माप

टेप पलंगाच्या फळीपासून वर धरली जाते आणि तिथेच गणित चुकतं. गादी आठ-दहा इंचांची असली, वर उशा आल्या, की अडीच फुटी हेडबोर्डातला जेमतेम फूटभर भाग दिसतो. माप घेताना पलंगावर नेहमीची गादी आणि उशा ठेवा, टेकून बसा, आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला जिथे लागते तिथे पेन्सिलने खूण करा. गादीच्या वर 24 ते 30 इंच दिसले तर टेकून बसायला पुरेसं होतं. खालच्या बाजूला मात्र गादीमागे पाचेक इंच उतरू द्या. नाहीतर उशी आणि मोबाइल रोज त्या फटीत जातील.

रुंदी गादीइतकीच ठेवावी असा काही नियम नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्त ठेवले तर चादर खोचल्यावरही बोर्ड तोकडा वाटत नाही. फक्त कपाटाचं दार आणि बाजूच्या टेबलाचा खण पूर्ण उघडतो का, हे आधी बघा. भिंतीवरचे स्विच आणि प्लग पॉइंट कुठे येतात तेही तपासा. चार्जरचं बूड जाड असतं, बोर्डाच्या कडेला अडकतं, आणि मग सुंदर शिवलेल्या कापडाला कात्रीने खाच पाडावी लागते.

फळी: पातळ घेतली तर वाकते, जाड घेतली तर लटकते

6 मिमीची प्लाय हलकी आणि स्वस्त असते म्हणून उचलली जाते. कापड चारही बाजूंनी ताणलं की ती धनुष्यासारखी वाकते आणि मधला भाग भिंतीपासून सुटतो. भिंतीवर टांगायच्या कुशनच्या बोर्डाला 12 मिमी प्लाय पुरते. जमिनीवर पायांवर उभा राहणारा बोर्ड असेल तर 18 मिमी घ्या.

एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा, पृष्ठभाग गुळगुळीत असतो, रंग छान बसतो, पण वजन विसरू नका. पाच फूट रुंद, अडीच फूट उंच आणि 18 मिमी जाड एमडीएफची नुसती फळी साधारण 15 किलो भरते. शिवाय तिच्या कडा पाणी पितात आणि फुगतात. कडेत सरळ स्क्रू मारला तर फळी उभी चिरते. आधी ड्रिलच्या बारीक बिटाने भोक पाडावंच लागतं. एमडीएफ वापरणार असाल तर कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्या.

फळी कापून आणल्यावर एकदा कर्णांची मापं घ्या. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही कर्णही सारखे आले तर कोपरे काटकोनात आहेत. दुकानात कापलेली फळी नेहमी काटकोनात असतेच असं नाही, आणि चौकडीचं किंवा पट्ट्यांचं कापड असेल तर हा फरक पलीकडच्या खोलीतूनही दिसतो.

जुनी पॅलेट, जुनं दार: फुकटचं लाकूड पारखून घ्या

माल वाहून नेताना खाली ठेवतात त्या लाकडी पॅलेटचे हेडबोर्ड फोटोत फार देखणे दिसतात. मला स्वतःला ते झोपण्याच्या खोलीत थोडे ओबडधोबड वाटतात, पण तो आवडीचा प्रश्न झाला. आरोग्याचा प्रश्न वेगळा आहे. देशोदेशी फिरणाऱ्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरं असतील तर लाकूड उष्णतेने कीडमुक्त केलेलं असतं. या प्रक्रियेत लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसवर किमान 30 मिनिटं ठेवतात. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ती पॅलेट घरात आणू नका. शिक्का नसलेली, तेलाचे डाग पडलेली किंवा उग्र वास येणारी पॅलेटही नको. तिच्यावर काय सांडलं होतं हे कळायला मार्ग नसतो.

लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील आणि आपटल्यावर त्यातून पिठासारखा भुसा गळत असेल, तर आत किडा जिवंत असू शकतो. वरून पॉलिश मारल्याने तो मरत नाही, आणि पुढे पलंगातही शिरतो.

जुन्या दाराचा हेडबोर्ड करायचा तर त्याच्या रंगाची काळजी घ्या. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. असा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ श्वासातून आणि हातांवरून पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ती सगळ्यात घातक ठरते. दार जुनं असेल आणि शंका असेल तर घासूच नका. ज्याचा रंग माहीत आहे असं दुसरं लाकूड घ्या. साधं, नवं लाकूड घासताना आधी 80 नंबरचा, मग 120 आणि शेवटी 180 किंवा 220 चा पॉलिश पेपर वापरा. 80 वरून थेट पॉलिशवर उडी मारली की ओरखडे पॉलिशखाली जास्तच उठून दिसतात.

फोम आणि कापड: हिशोब पन्ह्याचा

फोम जाडीवर घेतला जातो आणि घनता विचारलीच जात नाही. कमी घनतेचा चार इंची फोम पहिल्या दिवशी गुबगुबीत दिसतो आणि काही महिन्यांत डोक्याच्या जागी खड्डा पडतो. पाठ टेकायला 32 घनतेचा (दर घनमीटरला 32 किलो), 40 ते 50 मिमी जाडीचा फोम पुरेसा आहे. तो फळीपेक्षा सगळीकडून सेंटीमीटरभर मोठा कापा, म्हणजे कापड ओढल्यावर फळीची धार जाणवत नाही. त्यावर पॉलिएस्टर फायबरचा पातळ थर घातला की फोमचे सांधे आणि कापणीतला ओबडधोबडपणा झाकला जातो. पैसे वाचवायला आत थर्माकोल घालण्याची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. टेकल्यावर तो करकरतो, आणि रबराचा सोल्युशन गोंद लागला तर विरघळून खड्डे पडतात.

आता कापड. बोर्ड 60 इंच रुंद असेल तर 60 इंच कापड पुरत नाही. प्रत्येक बाजूला फोमची जाडी 2 इंच, फळीची पाऊण इंच, आणि मागे पकडून ताणायला 3 इंच धरा. म्हणजे जवळपास 72 इंच झाले. सोफ्याच्या कापडाचा पन्हा मात्र साधारणपणे 54 इंचांच्या आसपास असतो. इथेच बहुतेकांची गाडी अडते. मग मध्ये जोड येतो, नाहीतर कापड आडवं लावावं लागतं. साध्या कापडाला आडवं चालतं. 30 इंच उंचीच्या बोर्डाला 42 इंच लागतात आणि ते पन्ह्यात बसतात. पण फुलांची नक्षी असेल तर फुलं वर बघायच्या ऐवजी बाजूला बघू लागतात. मखमलीची लव आडवी गेली तर डावीकडून गडद आणि उजवीकडून फिकी, असं एकच कापड दोन रंगांचं दिसतं.

यावर सोपी वाट म्हणजे एका मोठ्या बोर्डाऐवजी 20 इंचांच्या तीन उभ्या पट्ट्या. प्रत्येकीला वेगळं कापड ताणा, आणि मखमल असेल तर मागे खडूने बाण काढून ठेवा, म्हणजे तिन्हींची लव एकाच दिशेला राहील. पहिल्यांदा करणाऱ्याने हाच प्रकार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. बटणांची हिऱ्याच्या आकाराची नक्षी दिसते सोपी, पण तिच्यात फोम, फळी आणि कापड या तिन्हींवरच्या खुणा तंतोतंत जुळाव्या लागतात. एक बटण पाव इंच सरकलं तरी आजूबाजूच्या चार चुण्या बिघडतात.

स्टेपल मारताना एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने जाणं ही जवळजवळ प्रत्येकाची पहिली चूक. त्याने कापड एका बाजूला ओढलं जातं. आधी वरच्या कडेच्या मध्यावर एक पिन, मग समोर खालच्या मध्यावर, मग डावी-उजवी. तिथून हळूहळू कोपऱ्यांकडे सरका, आणि कोपरे सगळ्यात शेवटी. दर थोड्या वेळाने बोर्ड उलटून समोरून बघा. 12 मिमी प्लायला 8 ते 10 मिमीच्या पिना पुरतात. 6 मिमीच्या पिना कापडाच्या दुहेरी घडीतच संपतात, आणि 14 मिमीच्या समोरून बाहेर डोकावतात.

काम झाल्यावर दोष दिसले तर सगळं उसवायची गरज नसते. आडव्या सुरकुत्या असतील तर वरची किंवा खालची एकच बाजू सोडा आणि मध्यापासून पुन्हा ताणा. पिनेजवळ ओढल्यासारख्या रेघा दिसत असतील तर तिथे ताण जास्त झालाय. तेवढी पिन काढून सैल मारा. कोपरा जाड झाला असेल तर आतल्या घडीतलं जादा कापड कापून टाका, मात्र घडीपासून अर्धा इंच सोडूनच. बटण वारंवार निघत असेल तर साधा दोरा बदलून मेणाचा नायलॉन दोरा घ्या आणि मागे तो नागमोडी फिरवून तीन-चार पिनांनी पक्का करा.

तेल लावलेल्या केसांचा डाग फिक्या कापडावर पडणारच. त्याला औषध शोधत बसण्यापेक्षा वरच्या भागावर वेल्क्रोने निघणारं, धुता येणारं आवरण आधीच शिवून ठेवा.

भिंत: सगळ्यात कमी लक्ष दिलेली जागा

बोर्ड लावण्याआधी भिंत कोरडी आहे का ते पाहा. फूटभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला सीलबंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली आर्द्रता आहे. लोणा लागलेल्या किंवा पोपडे सुटलेल्या भिंतीवर कुशनचा बोर्ड ठोकला तर ओल झाकली जाते, थांबत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर कुबट वास येऊ लागतो आणि कापडाच्या मागे काळी बुरशी सापडते. गळती आधी काढा. भिंत कोरडी असली तरी बाहेरच्या भिंतीवर बोर्डामागे दोनेक सेंटीमीटर हवा खेळायला जागा ठेवा.

दुतर्फी चिकटपट्टीवर हेडबोर्ड टांगू नका. पट्टी टिकते, रंगाचा पापुद्रा सुटतो, आणि बोर्ड खाली येतो तो झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर. ड्रिल करताना प्लास्टरवर भरवसा ठेवू नका. तो थर 12 ते 20 मिमीचा असू शकतो. स्क्रू पकडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगची पकड त्याच्यापुढे विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसली पाहिजे. भोकातून पडणारी पूड आधी राखाडी आणि मग लाल झाली, की बिट विटेत पोहोचलं असं समजा. 8 मिमीच्या प्लगला 8 मिमीचंच बिट वापरा आणि भोकातली पूड फुंकून काढा, नाहीतर प्लग अर्ध्यावरच अडकतो. जिप्सम बोर्डाच्या भिंतीला हे प्लग चालत नाहीत; मागे उघडून पकडणारे वेगळे अँकर लागतात. आणि स्विच किंवा प्लग पॉइंटच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच आडव्या रेषेत भोक पाडू नका. वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

टांगायची माझ्या मते सर्वांत चांगली पद्धत म्हणजे 45 अंशांत तिरप्या कापलेल्या दोन पट्ट्या. एक भिंतीवर, तिचा उतार भिंतीकडे. दुसरी बोर्डामागे, उलटी. वरून उचलून बसवला की बोर्ड स्वतःच्या वजनानेच घट्ट बसतो, आणि कापड बदलायला सहज उतरवता येतो. यात दोन गोष्टी राहून जातात. खालच्या बाजूला तेवढ्याच जाडीची पट्टी लावली नाही तर बोर्डाचं बूड भिंतीकडे झुकतं. आणि वर लगेच शेल्फ असेल तर बोर्ड उचलून काढायला जागाच उरत नाही.

रात्री कूस बदलताना टकटक आवाज येतो? आधी पलंगाचे नट-बोल्ट आवळा. आवाज तरी थांबला नाही, तर बोर्ड आणि भिंत जिथे टेकतात तिथे फेल्ट किंवा रबराचे तुकडे चिकटवा. लाकडातला स्क्रू नुसताच फिरत असेल तर त्याच्या भोकात लाकडाचा गोंद लावलेल्या दोन-तीन काड्यापेटीच्या काड्या ठोकून भरा, वाळू द्या, आणि पुन्हा आवळा.

रंग, दिवे, पडदे

नुसत्या रंगानेही भिंतीवर हेडबोर्ड काढता येतो आणि सगळ्यात स्वस्त तोच. कड अस्पष्ट येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: कडेला लावलेल्या चिकटपट्टीखालून रंग शिरतो. चिकटपट्टी लावल्यावर तिच्या कडेवर आधी भिंतीचाच जुना रंग एक हात मारा, तो फटी बुजवेल. त्यावर नवा रंग लावा आणि तो पूर्ण वाळायच्या आत पट्टी ओढून काढा. कमान काढायची असेल तर दोरी आणि पेन्सिल पुरते. इथे धुता येणारा रंग घ्या. साध्या मॅट रंगावर डोक्याच्या जागी तेलकट गोल उमटतो आणि पुसला की चकाकतो.

उशाशी पांढराशुभ्र 6500 केल्विनचा दिवा लावला तर कितीही छान कापड दवाखान्यासारखं दिसतं. 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर प्रकाश घ्या. दिव्यांच्या माळा एलईडीच्याच असाव्यात, आणि वायरवरून स्टेपल कधीही मारू नका. आवरण फाटून पिन थेट तारेला लागते.

पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटून लावला तर खोली बुटकी दिसते. तो चार-सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर घ्या, आणि कापड रॉडच्या दुप्पट रुंदीचं. हेडबोर्डाच्या वर काचेची जड फ्रेम टांगू नका. तिथे कापडी किंवा कागदी चित्र लावा, साधारण बोर्डाच्या दोन-तृतीयांश रुंदीचं.

बोर्ड तयार झाल्यावर लगेच पलंगामागे लावू नका. गोंद, फोम आणि ताज्या रंगाचा वास बंद खोलीत डोकं धरायला लावतो. खिडकी उघडी असलेल्या दुसऱ्या खोलीत तो भिंतीला टेकवून ठेवा आणि नाक लावून हुंगल्यावरही वास येईनासा झाला की मगच टांगा.