लाईटखालची भोपळ्याची रोपं कशी सावरली (माझा अनुभव)

घरात ग्रो लाईटखाली (रोपांना उन्हाऐवजी प्रकाश देणारा दिवा) वाढवलेली भोपळ्याची रोपं अचानक माना टाकायला लागली, पानांच्या कडा वर वळून वाटीसारख्या झाल्या. बघून कोणालाही वाटेल पाणी कमी पडतंय, पण माती बोटाने उकरून बघितली तर खाली गच्च ओली, म्हणजे मुळांना हवाच मिळत नव्हती आणि अशा वेळी वरून अजून पाणी घातलं की रोप गेलंच समजा.

मग पाणी बंद केलं. रोपाचा कप उचलून हलका लागला की मगच ताटलीत पाणी ठेवून खालून पाजायचं, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. पानांच्या उंचीवर हात धरला तर चांगलीच ऊब लागत होती म्हणून लाईट वर घेतला, साधारण 30 सेंमी, आणि टायमर 16 तासांवर ठेवला, बाकी वेळ पूर्ण अंधार.

खालची दोन जाड गुळगुळीत पानं हळूहळू पिवळी पडली तर घाबरू नका, ती बियांमधलीच पानं, त्यांचं काम झालं की गळतात. खरं लक्ष शेंड्याकडे ठेवायचं. तिथून बारीक लव असलेलं नवीन पान सरळ उघडलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला! जुनी वळलेली पानं मात्र तशीच राहिली.

आणि मोठ्या कुंडीत हलवताना मुळं मोकळी करू नका प्लीज, भोपळ्याला ते अजिबात सोसत नाही, मातीच्या गोळ्यासकट अलगद बसवा.