नागासाकीचं ग्लोव्हर घर आणि माझी चुकलेली मापं

जुन्या वास्तूंच्या जतनाचं शिक्षण घ्यायला जपानला निघालेल्या मुलामुलींना मी आधी विचारते, सुतारकाम किती येतं? मला अजिबात येत नव्हतं. ड्रॉइंग चांगलं होतं, तेवढ्यावर निभेल असं वाटलं होतं.

पहिल्याच सत्रात एका जुन्या लाकडी घराची मापं घ्यायची होती. दोन खांबांमधलं अंतर कुठे ९०९ मिलिमीटर, कुठे १८१८. टेप धड लागत नसेल म्हणून तीनदा मोजलं आणि शेवटी कागदावर ९०० आणि १८०० लिहून मोकळी झाले. सगळं ड्रॉइंग परत आलं. जपानी सुताराचा ‘शाकू’ साधारण ३०.३ सेंटिमीटरचा. म्हणजे ९०९ हे बरोब्बर तीन शाकू आणि १८१८ म्हणजे सहा, अर्थात एक ‘केन’. घर चोख होतं. मीच त्याचा हिशेब पुसून टाकला होता.

हे कळल्यावर नागासाकीला गेले. मिनामियामाते टेकडीवर थॉमस ग्लोव्हर या स्कॉटिश व्यापाऱ्याचं १८६३ सालचं घर आहे. जपानमध्ये आज उभ्या असलेल्या पाश्चात्त्य धाटणीच्या लाकडी घरांत हे सर्वांत जुनं; २०१५पासून जागतिक वारसा यादीतही आहे. रुंद व्हरांडा, जाळीच्या कमानी, खाली बंदर. लोक फोटो काढतात आणि ‘विलायती बंगला’ म्हणून पुढे जातात. पण ते बांधलं अमाकुसा बेटांवरच्या कोयामा हिदेनोशिन या जपानी मिस्त्रींनी. वर जपानी कौलं, आणि भिंती बांबूच्या जाळीवर माती लिंपलेल्या. हे वाचलं तेव्हा कोकणातल्या आजोळची कुडाची भिंत आठवली. कामट्यांत चिखल दाबताना आजीच्या बोटांचे ठसे उमटायचे. त्या दिवशी मी कमानी सोडून कौलांखालच्या वळचणीकडेच बघत राहिले.

म्हणून सांगते, जाण्याआधी महिनाभर तरी एखाद्या सुताराच्या हाताखाली बसा. खाच, कूस, सांधा हे हाताने करून बघा. जपानी भाषा शिकताना सांध्यांची नावंही पाठ करा. ती नेहमीच्या वर्गात कुणी शिकवत नाही. तिथे महत्त्वाच्या वास्तूची मोठी दुरुस्ती झाली की तिचा सविस्तर अहवाल छापतात. कुठलं लाकूड काढलं, कुठलं ठेवलं, जुन्या खुणा कुठे सापडल्या, सगळं त्यात असतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो आधी मागा. घर बघायला त्यानंतर जा, आणि मापं मिलिमीटरमध्ये घेतलीत तरी शेजारी शाकूचा रकाना आखून ठेवा.